सरकारी दवाखान्यातली फुकट एचआयव्ही टेस्ट, कॉलेजवाल्यांनो नक्की जा

आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात आयसीटीसी आहे, म्हणजे एचआयव्हीची टेस्ट आणि समुपदेशन दोन्ही फुकट. मी आणि माझा रूममेट जाऊन आलो. मुद्दाम लिहितोय कारण आपल्या कॉलेजात 1 डिसेंबरला, म्हणजे जागतिक एड्स दिनाला रॅली निघते, रेड रिबन क्लबची पोस्टर स्पर्धा होते, डास चावून एचआयव्ही होत नाही हेही सगळ्यांना पाठ आहे, पण टेस्ट कुठे करतात विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

तिथल्या समुपदेशक मॅडम एक नंबर. एकेकालाच आत बोलावतात, दार लावून घेतात, तू असलं काही केलंसच कसं वगैरे लेक्चर अजिबात नाही. रूममेटने त्यांना विचारलं की रक्तदान शिबिरात रक्त तपासतातच ना, मग इथे कशाला यायचं? आमच्या हॉस्टेलवर हे बरेच जण बोलतात, म्हणून हे नीट वाचा. लागण झाली की टेस्टमध्ये लगेच दिसत नाही, मध्ये विंडो पिरियड असतो, त्या काळात तुम्ही रक्त दिलंत तर बाटली तपासणीत क्लीन निघून थेट एखाद्या पेशंटला चढू शकते. म्हणून स्वतःची टेस्ट व्हावी यासाठी रक्तदान कधीच करायचं नाही. आणि आज निगेटिव्ह आलं तरी धोका अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी परत यायचं.

आधी संमती विचारतात, 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती लागतेच, आणि रिपोर्ट गुप्त ठेवणंही बंधनकारक आहे, कॉलेजला किंवा घरी कुणी कळवत नाही. 18 च्या आतल्यांना मात्र पालकांची संमती लागते. मग दंडातून थोडं रक्त घेतात, रिपोर्ट आम्हाला त्याच दिवशी मिळाला, तोही मॅडमनी आत बोलावून हातात दिला. एका टेस्टवर कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत, वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. पॉझिटिव्ह आलंच तर एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवरचे सरकारी उपचार मिळतात तिथे, औषधं फुकट, बहुतेकांना रोज एकच गोळी, आणि ती नियमित घेऊन रक्तात व्हायरस सापडेनासा झाला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आम्हाला अकरावी-बारावीत कुणी सांगितलंच नव्हतं राव!

एक स्टार कापतोय तो जागेमुळे. बोर्ड एवढा मोठा आणि बरोबर ओपीडीच्या लाइनसमोर, दारात उभं राहिलं की सगळी लाइन वळून बघते, एखादी मुलगी एकटी आली तर तिथूनच परत जाईल. वेळही नेमकी लेक्चरची. दवाखान्याने दार मागच्या बाजूने करावं आणि आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी चालू ठेवावं, खूप पोरं येतील.

अजून एक, कंडोम फाटला वगैरे झालं तर टेस्टची वाट बघत बसू नका, 72 तासांच्या आत डॉक्टरकडे जाऊन पीईपी, म्हणजे लागण होऊ नये म्हणून धोक्यानंतर घ्यायची औषधं मागा, जेवढं लवकर तेवढं चांगलं. जवळचं सेंटर माहीत नसेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, पैसे पडत नाहीत.