रिव्हॉल्व्हर की पिस्तूल: घरासाठी एकच घ्यायचं असेल तर

सल्ला विचारायला येणाऱ्याच्या मनात मॉडेलचं नाव बहुतेक आधीच ठरलेलं असतं, आपण फक्त मान डोलवायची बाकी असते. मी उलट विचारतो: घरात हे शस्त्र आणखी कोण हाताळणार? आणि सराव महिन्यातून एकदा होणार, की विकत घेतलं त्या आठवड्यात एकदा आणि मग कधीच नाही? यांची खरी उत्तरं मिळाली की निम्मी निवड झालेली असते. परवान्याचं आणि कायद्याचं तुम्ही आधी पाहून घेतलं आहे असं धरून पुढचं लिहितो.

'बायकांना आणि वयस्कांना रिव्हॉल्व्हर द्या, त्यात काही भानगड नसते,' हे वाक्य मीही बरीच वर्षं लोकांना ऐकवलं. मग मोठ्या बहिणीला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेलो. तिची साठी उलटली आहे, बोटांचे सांधे दुखतात. आधी हातात कॉम्पॅक्ट पिस्तूल दिलं. तिने स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे ओढायचा पिस्तुलाचा वरचा भाग, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढली. "हे मागे सरकतच नाही रे." मग दाखवलं, की नळी लक्ष्याकडेच ठेवून पिस्तूल छातीजवळ आणायचं, स्लाइडवर अख्खा पंजा घट्ट बसवायचा आणि ती मागे ओढण्यापेक्षा मूठ पुढे ढकलायची. चार खेपांतून दोनदा जमलं.

मग पाच गोळ्यांचं छोट्या नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं. भरणं सोपं, ते तिने लगेच केलं. पण पाचांतल्या तीन गोळ्या कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गेल्या आणि दोन कागदाबाहेर. कारण साधं आहे. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि शस्त्राचं स्वतःचं वजन अर्ध्या किलोच्या आसपासच असतं. बोट जोर लावतं तेव्हा अख्खा हात वाकडा होतो. शिवाय इतक्या हलक्या शस्त्राचा धक्का थेट तळहातात बसतो. दुसऱ्यांदा भरायला ती तयारच होईना. छोटं रिव्हॉल्व्हर हे मुरलेल्या हाताचं शस्त्र आहे, नवशिक्याचं नव्हे.

पोलादी, चार इंच नळीचं रिव्हॉल्व्हर मात्र वेगळी गोष्ट आहे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं मॉडेल १० घ्या. १८९९ पासून चालत आलेलं हे घराणं, सहा गोळ्या, पॉइंट ३८ स्पेशल काडतूस, वजन किलोला थोडंसंच कमी. तो जडपणाच धक्का गिळतो. चाप इथेही जडच, पण शस्त्र हातात स्थिर राहतं.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा मला नेम किंवा ताकद वाटत नाही, रिकामं आहे की भरलेलं हे कळणं वाटतो. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, बाहेर काढलं की गोळ्यांची सगळी घरं एका नजरेत दिसतात. पिस्तुलात इथेच घात होतो. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असा समज करून घेणारे शिकलेसवरलेले लोक मी पाहिले आहेत. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी चढलेली, एक गोळी तशीच असते, आणि बऱ्याच पिस्तुलांत ती मॅगझीनशिवायही सुटते. मॅगझीन काढा, स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. याच क्रमाने, दर वेळी. ज्याला हा क्रम कंटाळवाणा वाटतो त्याने पिस्तूल घेऊ नये.

बिघाडाचं म्हणाल तर दोघांच्याही खोडी आहेत. पिस्तूल ढिल्या मनगटाने धरलं तर रिकामं कवच बाहेर पडता पडता स्लाइडमध्ये अडकू शकतं. नुसती गोळी उडाली नाही, तर मॅगझीनला खालून तळहाताचा ठोसा द्यायचा, स्लाइड ओढून सोडायची, की बहुतेक वेळा काम चालू होतं. पण हे अंगवळणी पडलेलं हवं, रात्री दोनला आठवून होत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. हा मोठाच दिलासा. मात्र रिव्हॉल्व्हर खरोखर अडकलं, म्हणजे कवचं ढकलणाऱ्या चकतीखाली दारूचे कण साचून सिलिंडर जाम झालं, तर ते शांतपणे टेबलावर बसून सोडवायचं काम आहे.

गोळ्यांची संख्या पिस्तुलाच्या बाजूने आहे. ग्लॉक कंपनीच्या ग्लॉक १९ पिस्तुलात १५, थोराड ग्लॉक १७ मध्ये १७. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा, आणि घाबरलेल्या बोटांनी ते पुन्हा भरणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

काडतुसावर लोक रात्र रात्र वाद घालतात, मी थोडक्यात आटोपतो. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआय, म्हणजे अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा, ९ मिमी काडतूस सोडून जास्त ताकदीच्या काडतुसांकडे वळली, आणि २०१० च्या दशकात पुन्हा ९ मिमीवर परतली. गोळ्यांची घडण सुधारली होती आणि कमी धक्क्यामुळे नेम चांगला लागत होता. घरासाठी ९ मिमी किंवा पॉइंट ३८ पुरे. पॉइंट ३५७ मॅग्नम बंद खोलीत छोट्या नळीतून उडवलं तर डोळ्यांपुढे जाळ आणि कानांत शिट्टी. सरावाच्या वेळी कानांचं संरक्षण कोणत्याही काडतुसाला हवंच. घरात फुलणाऱ्या टोकाची, म्हणजे हॉलो पॉइंट, गोळी कायद्याने चालत असेल तर तीच ठेवा, कारण साध्या गोळीपेक्षा ती आरपार जाण्याची शक्यता कमी. तरी हलक्या भिंतीपलीकडे कोण झोपतं ते आधी मोजून ठेवा. पातळ भिंत कोणतीही गोळी अडवत नाही.

आकारात लोक सर्रास फसतात. खिशात मावणारं पिस्तूल लपवून नेण्यासाठी बनवलेलं असतं. घरात लपवायचं कोणापासून? पूर्ण मूठ, लांब नळी, थोडं वजन घ्या, आणि नळीखाली दिवा बसवता येतो का ते बघा. अंधारात समोर चोर आहे की पाणी प्यायला उठलेला मुलगा, हे ओळखल्याशिवाय बोट चापावर जाताच कामा नये. नुसतं बघायला मात्र साधी विजेरीच वापरा. शस्त्रावरच्या दिव्याने बघायचं म्हणजे नळीही तिकडेच रोखली जाते.

आता नावडता भाग. घरात बंदूक आली की घरातल्याच कुणाच्या तरी आत्महत्येचा धोका वाढतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घरात कुणी नैराश्यात असेल तर हा सगळा आढावा बाजूला ठेवा आणि दाराची कडी, कुत्रा, अलार्म यांच्यावर पैसे घाला. लहान मुलं असतील तर कुलूपबंद पेटी ही शस्त्राइतकीच खरेदीची वस्तू आहे. उशीखाली किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणं म्हणजे ठेवणं नव्हे. पेटी बटणं दाबून उघडणारी घ्या, सोबत किल्लीची सोय असलेली. बॅटरी नको त्या वेळीच संपते.

माझा कौल असा. सराव नियमित होणार असेल तर मध्यम किंवा पूर्ण आकाराचं ९ मिमी पिस्तूल. सराव कमी पण बोटांत जोर असेल तर पोलादी, चार इंची रिव्हॉल्व्हर. बोटांत जोरच नसेल तर हलक्या स्लाइडची पिस्तुलं आहेत, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझेड. मॅगझीनमध्ये आठच गोळ्या, पण स्लाइड मुद्दाम सोपी केलेली.

बहिणीने त्या दिवशी शेवटी हेच उचललं. स्लाइड पहिल्या झटक्यात आली, आठांतल्या सहा गोळ्या ताटलीएवढ्या गोलात. घेण्याआधी तिने आठवडाभर नुसती रिकामी पेटी पलंगाशेजारी ठेवून रात्री दिवा न लावता उघडून पाहिली. पहिल्या दोन रात्री आकडाच आठवेना.