कॉलेज अल्जेब्रा ऑनलाइन: सोळा आठवडे, आठ आठवडे की क्लेप?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये कॉलेज अल्जेब्रा हा ३ क्रेडिटचा एकच कोर्स दिसतो (कोर्स न घेता क्लेप नावाची परीक्षा देऊनही त्याचं क्रेडिट मिळू शकतं). नावनोंदणीच्या पानावर मात्र त्याचेच पाच-सहा सेक्शन, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्या, असतात: कुठे १६ आठवडे, कुठे ८, कुठे परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोर, कुठे टेस्टिंग सेंटरमध्ये जाऊन. अभ्यासक्रम सगळीकडे जवळपास सारखा, म्हणजे समीकरणं, असमता, फलनं, बहुपदी, परिमेय फलनं, घातांकी आणि लॉगरिदमी फलनं, समीकरणांच्या जोड्या. नियम मात्र सेक्शनगणिक बदलतात. बीजगणित बऱ्यापैकी येणारा विद्यार्थीही चुकीच्या नियमांचा सेक्शन घेतला तर अडकतो. म्हणून निवड करताना फी आणि प्राध्यापकांचं रेटिंग बाजूला ठेवा आणि सिलॅबस, म्हणजे त्या सेक्शनचे गुण, मुदती आणि परीक्षांचे नियम लिहिलेलं पत्रक, आधी वाचा.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या पदवीला हाच कोर्स लागतो का? पुढे प्रीकॅल्क्युलस किंवा कॅल्क्युलस घ्यायचं असेल तर सहसा लागतो. पदवीला गणिताची नुसती एक अट पूर्ण करायची असेल, तर बऱ्याच ठिकाणी स्टॅटिस्टिक्स किंवा क्वांटिटेटिव्ह रीझनिंग चालतं. अॅडव्हायझरला विचारलेल्या एका प्रश्नाने पूर्ण सेमिस्टर वाचू शकतं.

तासांचा हिशोब

क्रेडिटच्या नेहमीच्या व्याख्येत दर क्रेडिटमागे आठवड्याला १ तास वर्ग आणि किमान २ तास स्वतःचा अभ्यास धरलेला असतो, आणि तोही साधारण १५ आठवडे. ३ क्रेडिटचे झाले आठवड्याला ९ तास, एकूण १३५. कोर्स ८ आठवड्यांत घेतला तर अभ्यासक्रम तेवढाच राहतो आणि आठवड्याला साधारण १७ तास द्यावे लागतात. पूर्ण वेळ नोकरी करणाऱ्याला हे रोज अडीच तास झाले, रविवार धरून.

| | १६ आठवडे | ८ आठवडे | क्लेप परीक्षा |
|---|---|---|---|
| वेळ | आठवड्याला ९ तास | आठवड्याला १७ तास | तुमच्या सोयीने |
| एक आठवडा बुडाला तर | कोर्सचा १६वा भाग | कोर्सचा ८वा भाग | परीक्षा पुढे ढकला |
| पहिली मोठी परीक्षा | चौथा-पाचवा आठवडा | दुसरा-तिसरा आठवडा | एकच, ९० मिनिटांची |
| ड्रॉप करून फी परत | थोडा अवधी मिळतो | मोजके दिवस | लागू नाही |
| निकाल | ग्रेड, जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरला जातो | ग्रेड, जीपीएत धरला जातो | सहसा फक्त क्रेडिट |

आठ आठवड्यांचा सेक्शन एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याला घ्यायला सांगू: ज्याला हे गणित शाळेत नीट आलेलं आहे, फक्त विसरायला झालंय, आणि ज्याच्या हातात त्या दोन महिन्यांत दुसरं मोठं काम नाही. अपूर्णांकांच्या क्रिया किंवा अवयव पाडणं अजून अडखळत होत असेल, तर १६ आठवडेच घ्या. आठ आठवड्यांच्या वेळापत्रकात मागे राहिलेलं भरून काढायला जागाच नसते. सोमवारी परिमेय फलनं सुरू होतात आणि गुरुवारी त्यावर क्विझ येते.

ऑनलाइन म्हणजे आपल्या वेळेने, असा एक गैरसमज आहे. बहुतेक सेक्शनमध्ये व्याख्यान कधीही पाहता येतं, पण मुदती ठरलेल्याच असतात. पूर्णपणे आपल्या गतीने चालणाऱ्या आणि शिक्षक स्वतःहून संपर्कात न येणाऱ्या कोर्सला केंद्र सरकारच्या नियमांत करस्पॉन्डन्स कोर्स म्हणतात, आणि अशा कोर्सवर आर्थिक मदतीच्या मर्यादा येतात. फाफ्सा, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरून मदत घेत असाल तर तो सेक्शन कुठल्या प्रकारात मोडतो ते फायनान्शियल एड ऑफिसला आधी विचारा.

गुणांची विभागणी: इथेच सेक्शन निवडला जातो

दोन सेक्शन घेऊ. पहिल्यात होमवर्क २० टक्के, क्विझ २०, मिडटर्म ३०, फायनल ३०. दुसऱ्यात होमवर्क १०, क्विझ १०, मिडटर्म ५०, फायनल ३०. विद्यार्थी तोच: होमवर्कमध्ये ९६, क्विझमध्ये ८८, मिडटर्मची सरासरी ५८, फायनलला ५५.

पहिल्या सेक्शनमध्ये १९.२ + १७.६ + १७.४ + १६.५ = ७०.७, म्हणजे सी. दुसऱ्यात ९.६ + ८.८ + २९ + १६.५ = ६३.९, म्हणजे डी. पुढच्या गणिताच्या कोर्सला आणि क्रेडिट दुसऱ्या कॉलेजला नेताना सहसा सी लागतो. एकाच अभ्यासाने एक जण पुढे जातो, दुसरा तोच कोर्स पुन्हा घेतो.

मग पहिलाच सेक्शन घ्यावा? थांबा. काही सिलॅबसमध्ये खाली एक ओळ असते: देखरेखीखालच्या परीक्षांची सरासरी ६० पेक्षा कमी असेल तर एकूण गुण कितीही असोत, कोर्स उत्तीर्ण होणार नाही. आपल्या विद्यार्थ्याची ती सरासरी ५६.५ आहे. पहिल्या सेक्शनमध्ये ही ओळ असेल तर त्याचा सी गेला. ही ओळ शोधल्याशिवाय फी भरू नका.

९६ आणि ५८ यांतली दरी मुळात का पडते, तेही बघा. ऑनलाइन होमवर्कमध्ये ‘उदाहरण दाखवा’चं बटण असतं, चुकल्यावर तसाच दुसरा प्रश्न मिळतो, आणि शेजारी दाखवलेली रीत बघून आकडे बदलले की उत्तर बरोबर येतं. परीक्षेत ते बटण नसतं. होमवर्कचा शेवटचा प्रयत्न कुठलीही मदत न घेता, वही बंद करून करा. तेवढ्याने खरी तयारी किती झालीय ते परीक्षेच्या आधी कळतं.

उशिराचे नियम

साधारण तीन तऱ्हा आढळतात. एक, रोज १० टक्के कपात. दोन, उशिराचं काही घेणार नाही, पण सर्वांत कमी गुणांचे दोन होमवर्क आणि एक क्विझ गळतील. तीन, सेमिस्टरभरात दोन-तीन वेळा वापरता येतील अशा सवलती, कारण विचारलं जाणार नाही.

नोकरीच्या पाळ्या बदलणाऱ्यांना पहिली तऱ्हा बरी, कारण एका दिवसाच्या उशिराने फक्त दहावा भाग जातो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर दुसरी चांगली: अख्खा आठवडा गेला तरी तो गळलेल्यांत बसू शकतो. फक्त त्या गळणाऱ्या जागा पहिल्या महिन्यात आळसापायी खर्च करू नका. परीक्षांना यातलं काहीही सहसा लागू होत नाही, ते वेगळं तपासा.

मुदतीची वेळ कॉलेजच्या टाइम झोनची असते. पूर्व किनाऱ्यावरच्या कॉलेजची रात्री ११:५९ म्हणजे कॅलिफोर्नियात ८:५९. सुट्टीत भारतात जाणार असाल तर तीच मुदत उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९ ला आणि हिवाळ्यात १०:२९ ला येते. प्रवासाच्या आठवड्यात परीक्षा असेल तर तिकीट काढण्याआधी प्राध्यापकांना लिहा. परदेशातून परीक्षा चालेल, असं गृहीत धरू नका.

हजेरीचाही नियम असतो. नुसतं लॉगिन करणं म्हणजे हजेरी नव्हे. काहीतरी सबमिट करणं, क्विझ देणं किंवा चर्चेत अभ्यासाचं लिहिणं धरलं जातं. पहिल्या आठवड्यात काहीच सबमिट केलं नाही तर पुष्कळ कॉलेजं नाव काढून टाकतात. म्हणून सिलॅबस क्विझ पहिल्याच दिवशी उरका.

परीक्षा: कॅमेरा की सेंटर

टेस्टिंग सेंटर जवळ असेल तर आमचं मत सेंटरच्या बाजूने आहे. तिथे इंटरनेट तुटण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. जागा मात्र आगाऊ बुक करावी लागते, आणि फायनलच्या आठवड्यात सोयीच्या वेळा लवकर भरतात.

घरून द्यायची असेल तर आधी लॅपटॉप बघा. लॉकडाउन ब्राउझर, म्हणजे परीक्षेच्या वेळी बाकी काही उघडू न देणारा ब्राउझर, इन्स्टॉल करावा लागतो आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याला बहुधा परवानगी नसते. दुसरा मॉनिटर काढावा लागतो, खोली कॅमेऱ्याने दाखवावी लागते, कोरे कागद दोन्ही बाजूंनी दाखवावे लागतात. गणितात माणूस सतत खाली कागदाकडे बघतो आणि कॅमेऱ्याच्या प्रणालीला ते संशयास्पद वाटू शकतं. लॅपटॉप थोडा मागे सरकवून स्क्रीन अशी कलती करा की चेहरा, हात आणि कागद एकाच चौकटीत येतील. परीक्षा संपल्यावर हस्तलिखिताची पीडीएफ अपलोड करायला बऱ्याचदा १०-१५ मिनिटंच मिळतात. फोनवर स्कॅन करायचा सराव आदल्या दिवशी करा, कारण अपलोड न झालेल्या कामाला शून्य मिळू शकतो. सराव परीक्षा दिलेली असेल तर ती त्याच खुर्चीवर, त्याच वेळी द्या.

कॅल्क्युलेटरच्या नियमातही फरक असतो. कुठे टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर चालतो, कुठे फक्त साधा सायंटिफिक, कुठे काहीच नाही. समीकरणं स्वतः सोडवणारे, म्हणजे सीएएस असलेले, सहसा बंद असतात. महागडा कॅल्क्युलेटर घेण्यापूर्वी हे बघा.

सॉफ्टवेअर काय मागतं

ऑनलाइन होमवर्कच्या सॉफ्टवेअरमध्ये अॅलेक्स, मायलॅब आणि वेबअसाइन ही नावं जास्त दिसतात. अॅलेक्स आधी तुम्हाला काय येतं ते तपासतो आणि ज्यांची तयारी झालीय तेवढेच टॉपिक पुढे उघडतो. मध्येच पुन्हा नॉलेज चेक येतो आणि शिकलेले टॉपिक परत यादीत येऊ शकतात. अशा वेळी पुष्कळांचा धीर सुटतो, पण पाया कच्चा असणाऱ्याला अॅलेक्सच जास्त उपयोगी पडतो. मायलॅब आणि वेबअसाइन प्रकरणाच्या क्रमाने जातात. त्यात किती प्रयत्न मिळतील हे प्राध्यापक ठरवतात. सॉफ्टवेअर वापरायला लागणाऱ्या अॅक्सेस कोडची किंमत फीमध्ये धरलेली आहे का ते बघा. ओपनस्टॅक्सचं पुस्तक आणि मायओपनमॅथ वापरणाऱ्या सेक्शनमध्ये हा खर्च वाचतो, कारण दोन्ही विनामूल्य आहेत.

उत्तर बरोबर असूनही चूक का दाखवतं? √१२ लिहिलं, हवं होतं २√३. दशांश लिहिला, हवा होता अपूर्णांक. इंटरव्हलला (दोन संख्यांमधल्या टप्प्याला) चौकोनी कंस हवा होता, गोल टाकला. आणि कधी उत्तर खरंच चूक असतं. √(क्ष + ३) = क्ष − ३ घ्या. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − ७क्ष + ६ = ० येतं, उकली १ आणि ६. दोन्ही टाइप केल्या की चूक. १ मूळ समीकरणात ठेवा: डावीकडे २, उजवीकडे −२. ही उकल वर्ग केल्यामुळे घुसलेली आहे, खरं उत्तर फक्त ६. लेखी परीक्षेत ही पडताळणी कागदावर दिसली नाही तरी गुण कापले जाऊ शकतात.

क्लेप कोणासाठी

कॉलेज बोर्डाची ही परीक्षा ६० प्रश्नांची, ९० मिनिटांची आहे. गुण २० ते ८० मध्ये मिळतात, ५० ला ३ क्रेडिटची शिफारस आहे, आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो. भारतात बारावीला गणित घेतलेल्यांना हा सर्वांत स्वस्त रस्ता आहे. एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, आलेल्या आणि नव्याने पदवी करू पाहणाऱ्या पुष्कळ जणींना हा पर्याय कोणी सांगतच नाही. तुमचं कॉलेज क्लेप स्वीकारतं का, आणि कॉलेज अल्जेब्राच्या जागीच धरतं का, हे मात्र लेखी मिळवा. नापास झालात तर ३ महिने पुन्हा बसता येत नाही, आणि जीपीए वर काढायचा असेल तर क्लेपचा उपयोग नाही.

व्हिसा, पालक आणि माघार

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर एका सेमिस्टरमध्ये एकच ऑनलाइन कोर्स, किंवा ३ क्रेडिट, पूर्ण वेळेच्या हिशोबात धरला जातो. पदवी पूर्ण व्हायला एकच कोर्स उरला असेल तर तो ऑनलाइन घेता येत नाही. नाव नोंदवण्याआधी डीएसओला, म्हणजे कॉलेजमधल्या विद्यार्थी व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, विचारा.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावं: फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने कॉलेजमधल्या नोंदींचा हक्क विद्यार्थ्याचा असतो, वय १८ पेक्षा कमी असलं तरी. प्राध्यापक तुमच्या ईमेलला गुण कळवायला बांधील नाहीत, त्यामुळे मुलाने स्वतः लिहायला शिकणं इथे भाग पडतं.

माघार घ्यायची असेल तर दोन तारखा वेगळ्या असतात. पहिल्या तारखेआधी ड्रॉप केलं तर नोंदच राहत नाही. नंतर, दुसऱ्या तारखेपर्यंत सोडला तर, डब्ल्यू (विथड्रॉअल, म्हणजे कोर्स सोडल्याची नोंद) लागतो. त्याने जीपीए घसरत नाही, पण आर्थिक मदत चालू राहायला लागणाऱ्या प्रगतीच्या हिशोबात तो प्रयत्न म्हणून मोजला जातो. सगळेच कोर्स सोडून सेमिस्टरच्या ६० टक्के मुदतीआधी बाहेर पडलात तर मिळालेल्या सरकारी मदतीचा काही भाग परत जातो. इनकम्प्लीट, म्हणजे उरलेलं काम नंतर पूर्ण करायची मुभा, मात्र बहुतेक काम उत्तीर्ण पातळीवर झालेल्यालाच, आणीबाणीत मिळतो.

दोन सेक्शनमध्ये अजून ठरत नसेल तर दोन्ही प्राध्यापकांना हेच तीन प्रश्न पाठवा: देखरेखीखालच्या परीक्षांना एकूण किती टक्के वजन आहे आणि त्यात किमान गुणांची अट आहे का? परीक्षेच्या वेळी इंटरनेट गेलं तर काय करायचं? मागच्या सेमिस्टरचा सिलॅबस बघायला मिळेल का? उत्तर किती दिवसांत आणि किती नीट येतं, त्यावरून पुढचे १६ आठवडे तुमच्या ईमेलना कसं उत्तर मिळेल त्याचाही अंदाज येईल.