एसडीआय, एनडीआय की एचएक्स? लाइव्हचं चित्र नक्की कुठे बिघडतं ते आधी पाहा

गणपती जवळ आले की मुंबईतल्या मंडळांच्या बैठकीत हा विषय निघतोच: गेल्या वर्षी आरतीचं लाइव्ह धूसर दिसलं, यंदा काय घ्यायचं? सल्ले तीन मिळतात. सरळ एसडीआय केबल ओढा, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र थेट नेणारी वायर. सगळे कॅमेरे संगणकाच्या नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या पद्धतीवर, म्हणजे पूर्ण एनडीआयवर घ्या. नाहीतर फोन आणि पीटीझेड (दुरून फिरवता, झूम करता येणारे) कॅमेरे एनडीआय एचएक्सवर, म्हणजे एनडीआयच्या जास्त दाबलेल्या, हलक्या प्रकारावर चालवा, स्वस्तात होईल.

पाकिटात हात घालण्याआधी एक चाचणी करा. मिक्सिंगच्या संगणकावर चढ्या बिटरेटनं (सेकंदाला जास्त डेटा वापरून) वेगळं रेकॉर्डिंग घ्या आणि यूट्यूबवर गेलेल्या चित्राशेजारी लावून बघा. ओबीएस या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगचा दर्जा ‘स्ट्रीमसारखाच’ ठेवलेला असेल तर या चाचणीला अर्थ नाही, तो आधी बदला. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि यूट्यूबवर चौकटी चौकटी दिसत असतील, तर दोष अपलोडचा किंवा स्ट्रीमच्या बिटरेटचा. मग कॅमेऱ्यापासून मिक्सरपर्यंत काहीही बदला, काडीचा फरक पडणार नाही. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर एकाच सिमकार्डावर भरवसा ठेवलात, तर लाखाचा कॅमेराही वाचवणार नाही.

रेकॉर्डिंगच खराब असेल तर पुढे वाचा.

एसडीआय जुनं, पण बिघाड शोधायला सगळ्यात सोपं. ३जी-एसडीआयमध्ये (एसडीआयचा वेगवान प्रकार, मोबाइलचं ३जी नव्हे) सेकंदाला २.९७ गिगाबिट वेगानं चित्र जातं, कॉम्प्रेशन, म्हणजे चित्र दाबून लहान करणं, अजिबात नाही. त्यामुळे ते कधी धूसर होत नाही. केबल लांब किंवा कनेक्टर ढिला असला की आधी पडद्यावर ठिपके चमकतात, मग चित्र जातंच. दोष कुठल्या वायरीत आहे हे वायर बदलून लगेच कळतं. चांगली ७५ ओहमची केबल एचडी-एसडीआयला साधारण १०० मीटर पुरते, ३जी-एसडीआयला थोडी कमी. दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेपासून रंगमंचापर्यंत तेवढं भरपूर झालं. अडचण एवढीच की प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतंत्र वायर लागते आणि टॅली (कुठला कॅमेरा लाइव्ह आहे ते दाखवणारा दिवा), कंट्रोल, वीज या सगळ्याची सोय निराळी करावी लागते.

एनडीआयचा मोह इथेच पडतो. न्यूटेकनं २०१५ मध्ये ते आणलं तेव्हापासून आकर्षण एकच: साध्या कॅट-६ वायरीतून चित्र, आवाज, टॅली, पीटीझेडचा कंट्रोल आणि पीओई (त्याच वायरीतून वीज देण्याची सोय) असेल तर वीजसुद्धा. पण इथे एकाच ‘खराब’ चित्रामागे चार निरनिराळी कारणं असू शकतात, म्हणून आधी लक्षण नीट ओळखा. चित्र अडखळतंय की धूसर आहे?

अडखळत असेल तर फ्रेम गळताहेत. पूर्ण एनडीआयचा एक १०८०पी, ५० किंवा ६० फ्रेमचा कॅमेरा सेकंदाला साधारण १२५ ते १५० मेगाबिट खातो. चार कॅमेरे म्हणजे ५००-६०० मेगाबिट, आणि ते सगळे मिक्सिंगच्या संगणकाच्या एकाच गिगाबिट पोर्टातून आत येणार. त्याच वायरीवर कोणी मोठी फाइल कॉपी करायला घेतली की संपलं. दोन स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारे डबे) एकमेकांना जोडले असतील तर मधल्या एका वायरीवर सगळा भार येतो. सर्वात फसवा प्रकार वेगळाच: कॅट-६ वायरीतल्या चार जोड्यांपैकी एक जरी तुटली, तरी लिंक, म्हणजे त्या वायरीवरची जोडणी, गुपचूप १०० मेगाबिटवर येऊ शकते. ‘कनेक्टेड’ दिसतं, पण एका कॅमेऱ्यालासुद्धा जागा पुरत नाही. संगणकावर आणि स्विचच्या प्रत्येक पोर्टावर लिंकचा वेग १ गिगाबिट दिसतोय का, ते आधी बघा. वायर लगेच कळेल. पावसाळी मांडवात पायाखाली तुडवल्या गेलेल्या वायरींबाबत हा संशय पहिल्यांदा घ्यायचा.

धूसर असेल तर बहुतेक वेळा नेटवर्क निर्दोष असतं. एनडीआय मुख्य चित्रासोबत जेमतेम ६४० पिक्सल रुंदीचं एक हलकं चित्रही देतं, मल्टिव्ह्यूसाठी (सगळे कॅमेरे एका पडद्यावर लहान लहान बघण्यासाठी). ओबीएसमध्ये त्या सोर्सची बँडविड्थ ‘लोएस्ट’ राहून गेली की तेच ताणून पूर्ण पडद्यावर लागतं. नवीन स्विच घेण्याआधी हा एक खटका तपासा, फुकट आहे.

एचएक्सचं गणित उलटं आहे. तिथे एच.२६४ किंवा एच.२६५ कॉम्प्रेशन वापरतात आणि कॅमेऱ्याला साधारण ८ ते २० मेगाबिट पुरतात. शांत व्याख्यानाला उत्तम. पण ढोल-ताशा, उडता गुलाल, हलणारे ध्वज आले की तेवढ्या बिटरेटमध्ये बारकावे टिकत नाहीत. वाय-फायवर पॅकेट हरवलं तर चूक पुढच्या की-फ्रेमपर्यंत (पुढचं पूर्ण चित्र नव्यानं येईपर्यंत) पडद्यावर राहते, म्हणून चेहरा मधेच चौकटींत विरघळल्यासारखा दिसतो. चाळीत किंवा टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे डझनभर राउटर २.४ गिगाहर्ट्झवर भांडत असतात, हेही लक्षात घ्या. एचएक्स३ मध्ये उशीर कमी आणि चित्र बरं असतं, पण बँडविड्थही जास्त लागते. एचएक्स कॅमेरा घ्या, पण शक्यतो वायरवर चालवा. मागचं दृश्य बदलायच्या ग्रीन पडद्यासाठी मात्र हा पर्याय मी धरणार नाही; रंगाचा तपशील कमी असल्यानं केसांच्या कडा खरवडल्यासारख्या येतात.

या तिघांपैकी कुणालाच न जुमानणारं एक दुखणं म्हणजे फ्लिकर. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा ६० फ्रेमवर किंवा शटर १/६० वर असेल तर मांडवातले दिवे थरथरतात. शटर १/५० किंवा १/१०० करा, प्रोजेक्ट २५ किंवा ५० फ्रेमचा ठेवा आणि फोन ३० वर सोडू नका, नाहीतर हालचाल झटक्याझटक्यानं दिसेल.

आता निवड. भाड्याच्या सभागृहात तासाभरात मांडामांड करून दोन-तीन कॅमेरे चालवायचे असतील तर एसडीआय. तिथे कोणतं नेटवर्क, कोणता स्विच, याची चौकशी करायला वेळच नसतो. मंदिर ट्रस्ट, कॉलेजचं सभागृह, सोसायटीचा हॉल अशी कायमची जागा असेल तर पूर्ण एनडीआय. वायरिंग एकदाच करायचं आणि नंतर कॅमेरा कुठल्याही पोर्टाला लावायचा. बजेट तोकडं असेल आणि कार्यक्रम मुख्यतः भाषणांचा असेल तर वायरवरचं एचएक्स.

एनडीआयच ठरलं, तर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, गिगाबिट स्विचच मागा. त्यातलं ग्रीन इथरनेट, म्हणजे वीज वाचवणारी सोय, बंद करा. सोसायटीच्या वाय-फाय राउटरवर कॅमेरे लावू नका. संगणकाला दुसरं नेटवर्क कार्ड घाला: एक कॅमेऱ्यांसाठी, एक फक्त यूट्यूबसाठी.