अॅम्बेसिडरची ऑइल गळती आणि यूव्ही डाय : सात महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी एक किट मागवलं. इंजिन ऑइलमध्ये घालायचा यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग, ऑइल कुठून गळतं ते दाखवणारा), ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च आणि पिवळ्या काचांचा चष्मा, सगळं मिळून १,४५० रुपये. आता मार्च उजाडलाय. गाडी तेवढ्यात १,९०० किलोमीटर फिरली, पावसाळाही खाल्ला आणि उन्हाचा तडाखाही आता सुरू झालाय, म्हणून जे दिसलं ते सविस्तर लिहितो. किट मला आवडलं. पण नुसतं किट घेऊन गळती सापडणार नाही. त्याआधी इंजिन धुवायला लागतं, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

गाडी १९८४ची मार्क फोर अॅम्बेसिडर, १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. आप्पांनी घेतलेली. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून बेळगावच्या अनगोळपर्यंत तिने आमच्या घरातली लग्नं, बाळंतपणं, दवाखाने सगळं पाहिलंय. त्यामुळे ती विकायचा विषय घरात निघत नाही. पण पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी भाकरीएवढा काळा डाग पडायचा. आई घासून घासून दमली. आप्पा रात्री गाडीखाली तरुण भारतचे जुने पेपर पसरायचे. दर ५०० किलोमीटरला पाव लिटर ऑइल वरून ओतावं लागत होतं.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. गाडीखाली टॉर्च मारून दोन मिनिटांत निकाल दिला, "क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, अठरा हजार धरा." क्रँक म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, त्या बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून ऑइल ठिबकत होतं हे खरं होतं. पण मला ते पटेना, म्हणून उद्यमबागेत, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, पूर्वी लेथवर काम केलेल्या एका वयस्कर मेस्त्रींना घरी घेऊन आलो. ते फरशीवर पोतं टाकून गाडीखाली आडवे झाले, बेल हाउसिंगवर बोट फिरवलं, वास घेतला.

"ऑइल सोराकत्तैत्री (कन्नडमध्ये, ऑइल गळतंय हो). खरं (म्हणजे पण) कुठनं ते ह्या राडीत कसं कळणार? आधी धुवा की."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला गॅरेजवाल्याने सांगायला हवं होतं. हे इंजिन मूळचं ब्रिटिश, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज, तीन मेन बेअरिंगचं. त्याच्या क्रँकला मागच्या बाजूला रबरी सील नसतंच. तिथे क्रँकवरच उलट्या आट्यांची चूड कोरलेली असते. इंजिन फिरतं तेव्हा ती चूड ऑइलला परत आत ढकलते. इंजिन बंद असताना तिथून थोडंफार ऑइल उतरणार, ते गृहीतच धरलेलं आहे. इंजिनाच्या आत दाब वाढला तर मात्र ती चूड पुरी पडत नाही आणि ऑइल धारेने येतं. म्हणजे जे सील गेलं म्हणून अठरा हजार सांगितले गेले, ते सील या इंजिनात कुठेच नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. जुनी गाडी सांभाळणारी कितीतरी माणसं अशाच एका वाक्यावर इंजिन उतरवून बसत असतील.

धुण्यात दोन रविवार गेले. चाळीस वर्षांचा थर होता. धूळ, ऑइल, जांबोटीच्या रस्त्याची लाल माती, सगळं मिळून डांबरासारखं झालेलं. पहिल्या दिवशी इंजिन पूर्ण गार असताना बॅटरी सोडवली. डिस्ट्रिब्यूटर, कार्बोरेटरचं तोंड आणि अल्टरनेटर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतले. मग उलथन्यासारखी लाकडी पट्टी तासून तिने जाड थर खरवडला. लोखंडी पट्टी वापरली नाही, अॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात. त्यानंतर रॉकेल आणि रंगाचा दीड इंची ब्रश. पेट्रोलने इंजिन धुणारे मी पाहिलेत. तसं कधीच करू नका, पोर्चमध्ये साचलेल्या पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. दुसऱ्या रविवारी पाण्यात विरघळणारं डिग्रीझर मारलं, वीस मिनिटं मुरू दिलं आणि बागेच्या नळीने हलक्या धारेने धुतलं. प्रेशर वॉशर मुद्दाम टाळला. जुन्या पॅकिंगच्या फटीतून पाणी आत गेलं तर नवीनच दुखणं मागे लागतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या परसात आड आहे. हा काळा राडा मातीत मुरला तर आडाच्या पाण्याचं काय? म्हणून गाडीखाली मोठा पत्रा ठेवला आणि त्यावर लाकडाच्या वखारीतून आणलेला दोन पोती भुसा पसरला. भुशाने सगळं शोषून घेतलं. तो भुसा आणि काढलेलं जुनं ऑइल, दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे दिलं. गटारीत एक थेंबही सोडला नाही.

धुऊन झाल्यावर इंजिनाचा मूळ रंग दिसला. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

मग ऑइल बदललं. जुन्या काळ्याकुट्ट ऑइलमध्ये डाय घातला तर काजळीमुळे चमक मरते, म्हणून ताजं २०डब्ल्यू-५० घातलं आणि त्यात ३० मिली डाय. त्याच दिवशी खानापूरला जाऊन आलो, जाऊन-येऊन ५० किलोमीटरच्या वर. रात्री जेवणं झाल्यावर दिवे बंद केले, बोनट उघडलं, चष्मा चढवला. माझ्याकडे आधीची एक स्वस्त ३९५ नॅनोमीटरची टॉर्च होती. तिने सगळीकडे जांभळा उजेड पसरतो आणि डाय त्यात हरवतो. ३६५ची टॉर्च लावली की उजेड डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाही, फक्त जे चमकायचं तेच चमकतं. पैसे घालायचेच असतील तर टॉर्चमध्ये घाला.

पहिल्यांदा जे चमकलं ते मात्र ऑइल नव्हतं. मॅनिफोल्डजवळ (इंजिनाला जोडलेल्या हवेच्या आणि धुराच्या नळ्यांजवळ) निळसर पांढरे ठिपके लखलखत होते. जवळ जाऊन बघितलं तर फडक्याचे धागे. कपडे धुण्याच्या पावडरीत जे पांढरेपणा आणणारं रसायन असतं ते या उजेडात निळं चमकतं. मागे वळून बघतो तर आप्पांचा बनियन अंधारात निळाशार पेटलेला. डायचा रंग वेगळा आहे, कच्च्या लिंबासारखा पिवळट हिरवा. एकदा नजरेत बसला की चूक होत नाही.

तो हिरवा ओघळ मला रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यात सापडला. नखाएवढी ओली जागा, तिथून एक बारीक रेघ ब्लॉकच्या मागच्या कडेवरून खाली उतरत बेल हाउसिंगवर. दुसरी रेघ डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या खाली दडलेल्या मागच्या साइड कव्हरमधून. या इंजिनाला डावीकडे टॅपेटवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दट्ट्यांवर) अशी दोन कव्हरं असतात, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. दोन्ही ओघळ खाली येऊन बेल हाउसिंगच्या भोकापाशी एकत्र होत होते. फॅनचा वारा ऑइलला मागे ढकलतो आणि वजनाने ते खाली येतं, म्हणून जिथे ठिबकतं तिथे गळती असतेच असं नाही. ओली असलेली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधायची. मेस्त्रींनी हे तोंडी सांगितलं होतं, पण त्या रात्री डोळ्यांनी दिसलं तेव्हा ते खरं कळलं.

पॅकिंग बदलण्याआधी मेस्त्रींनी ब्रीदर, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणारी वाट, बघायला लावला. पुढच्या साइड कव्हरमधून खाली जाणारी नळी काढली तर आत इतका घट्ट चिखल की पेन्सिलही जाईना. इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर पडायला जागा नसेल तर ती ऑइलला प्रत्येक फटीतून रेटते, आणि मागच्या चुडीतूनही. नळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजत ठेवली, तारेने साफ केली. रॉकर कव्हरची एअर क्लीनरकडे जाणारी होजही तशीच तुंबली होती, ती नवीन टाकली. नवीन पॅकिंग घालूनही महिन्याभरात पुन्हा गळतंय अशी कुणाची तक्रार असेल तर त्याने ब्रीदर आधी उघडावा.

साइड कव्हरसाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागला. कव्हर बाहेर काढल्यावर कारण दिसलं. कधीतरी कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट जोरात आवळलेला, त्याने पत्रा मधोमध दबून कडा उचलल्या गेल्या होत्या. कॉर्कचं पॅकिंग बिस्किटासारखं तुटून हातात आलं. कव्हर उद्यमबागेत नेऊन सपाट प्लेटवर ठोकून सरळ करून घेतलं. ३ मिलिमीटरची कॉर्क शीट आणून पॅकिंग घरीच कापलं. कव्हरला पातळ शेलॅक (लाखेचं रोगण) लावून पॅकिंग त्यावर चिकटवलं, वर वजन ठेवून रात्रभर वाळू दिलं, ब्लॉकच्या बाजूला फक्त ग्रीसचा हात. बोल्ट लहान पान्ह्याने, मनगटाच्या जोरावर, बस्स. दोन दिवसांनी पुन्हा एकदा किंचित आवळला. रॉकर कव्हरलाही हाच उपाय केला. साहित्य आणि ठोकाई मिळून खर्च ७०० रुपयांच्या आत आला, मेस्त्रींची मजुरी वेगळी. ती त्यांनी मागितली त्यापेक्षा मी जास्त दिली.

दिवाळीनंतर या किटचा दुसरा आणि माझ्या मते जास्त मोठा उपयोग झाला. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला मला ओलसर पट्टा दिसला. ब्रेक ऑइल असेल म्हणून पोटात गोळा आला, कारण सिलिंडर गळत असेल तर गाडी जागची हलवायची नाही. पण ब्रेकच्या रिझर्व्हायरमधली पातळी जशीच्या तशी होती, आणि बोटाला लागलेलं ऑइल जाड, त्याला गंधकासारखा उग्र वास. म्हणजे गिअर ऑइल. डिफरन्शियलमध्ये (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीत) डाय घातला, दोन दिवस गाडी चालवली, ड्रम उतरवला तर आत हिरवं हिरवं. डिफरन्शियलमधलं ऑइल अॅक्सलच्या कडेने सरकत सील ओलांडून ब्रेक शूवर येत होतं. चोर्ला घाटाच्या उतारावर तेच चाक ऐनवेळी धरलं नसतं तर काय झालं असतं, हे मनात आलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सील बदललं, ऑइल लागलेले शू दोन्ही बाजूंचे नवीन टाकले. भिजलेले शू पेट्रोलने पुसून परत बसवायचा सल्ला मिळाला होता, तो मी ऐकला नाही. ब्रेक ऑइलमध्ये मात्र डाय कधीही घालू नका. तिथे काहीही मिसळायचं नसतं.

कूलंटच्या गळतीला हे किट मी वापरलंच नाही. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी यायला लागतं, ते दिवसाउजेडी दिसतं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. तोही डोळ्यांना दिसणारा नाही, तिथे डिपस्टिकचा (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीचा) वास घ्यायचा. ऑइलची पातळी न घालता वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन सुरू करू नका.

किटबद्दल नाराजी आहे ती दोन गोष्टींची. डाय हाताला लागला की साबणाने जात नाही, रबरी मोजे घालूनच बाटली उघडा. आणि दुरुस्तीनंतर जुने डाग पुसले नाहीत तर ते महिनाभर चमकत राहतात. मला एकदा वाटलं पॅकिंग पुन्हा गेलं, पण तो जुनाच ओघळ होता. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा धुणं आलंच. टॉर्चचा उजेड डोळ्यात जाऊ देऊ नये, घरात लहान मुलं असतील तर ती जपून ठेवावी. बॅटरी सात महिन्यांत तीनदाच चार्ज केली.

या सात महिन्यांत ऑइल एकूण अर्धा लिटर वरून घातलं. बेल हाउसिंगच्या भोकातून अजूनही एखादा थेंब येतो, गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की. तो चुडीचा आहे आणि तो राहणार. आप्पांची गाडीखाली पेपर टाकायची सवय सुटलेली नाही. परवा सकाळी त्यांनी पेपर हातात धरून आणला आणि मला दाखवला. डाग बंद्या रुपयाएवढा होता. वॉटर पंप आता उन्हाळ्यात काढायचा आहे, त्याच्या भोकाखाली कालपासून ओल दिसायला लागली आहे.