टायटल लोन: पैसे त्याच दिवशी, मुद्दल जागच्या जागी

अमेरिकेत गाडीच्या मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर मिळणाऱ्या कर्जाला वेगाचे पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. बोजा नसलेलं टायटल, ओळखपत्र आणि गाडी घेऊन गेलं की बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी पैसे हातात पडतात. क्रेडिट स्कोअर सहसा बघत नाहीत. गाडीच्या किमतीच्या साधारण 25 ते 50 टक्के रक्कम मिळते, टायटलवर बोजा चढतो आणि गाडी तुम्हीच वापरता. काही जण जादा किल्ली ठेवून घेतात, काही जीपीएस बसवतात. त्याचे पैसे तुमच्याच माथी मारलेत का, ते करारात पाहा.

बाकी सगळ्या बाबतीत ही सेवा महागात पडते. काउंटरवर सांगतात ते 25 टक्के महिन्याचे असतात. 1,000 डॉलर घेतले तर 30 दिवसांनी 1,250 एकरकमी भरायचे. तेवढे जमत नाहीत, म्हणून 250 भरून मुदत वाढवून घ्यायची. असं तीनदा केलं की 750 गेलेले असतात आणि मुद्दल 1,000 च. वर्षाचा दर सुमारे 300 टक्के! ट्रुथ इन लेंडिंग या 1968 च्या कायद्यानं हा वार्षिक दर, एपीआर, करारात दाखवणं सक्तीचं आहे. सही करण्याआधी तो आकडा शोधाच. ग्राहकांच्या आर्थिक हितावर लक्ष ठेवणाऱ्या सीएफपीबी या केंद्रीय संस्थेच्या 2016 च्या अहवालात एकरकमी फेडीच्या अशा कर्जांत पाचातल्या एका कर्जदाराची गाडी जप्त झाल्याचं दिसलं.

नियम राज्यागणिक बदलतात. फ्लोरिडात पहिल्या 2,000 डॉलरवर वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा आहे. इलिनॉयनं 2021 पासून 36 टक्क्यांवर रेघ ओढली. सेवेतल्या सैनिकांना देशभर 36 टक्क्यांचंच संरक्षण आहे. जॉर्जियात मात्र हा व्यवहार कर्ज नव्हे, गहाण मानला जातो: पहिले तीन महिने दरमहा 25 टक्के, पुढे 12.5. मुदत आणि सवलतीचे 30 दिवस उलटले की गाडी सावकाराची. 1,000 पायी 6,000 ची गाडी गेली तरी वरचे 5,000 परत मिळत नाहीत. फ्लोरिडात गाडी विकून उरलेले पैसे कर्जदाराला द्यावे लागतात. तुमच्या राज्यात काय होतं, हे व्याजदराइतकंच आधी विचारायला हवं.

क्रेडिट युनियनचं, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेचं सभासदत्व मिळत असेल तर तिथलं पीएएल हे छोट्या रकमेचं कर्ज आधी बघा: 2,000 डॉलरपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त 28 टक्के, अर्जाचे 20 डॉलरपर्यंत. सगळ्याच क्रेडिट युनियन ते देत नाहीत.

टायटल लोन आधीच घेतलं असेल तर नुसत्या व्याजावर थांबू नका. वर 50 डॉलर भरता आले तरी भरा आणि ते मुद्दलात जमा झाल्याचं पावतीवर लिहून घ्या. पूर्ण फेडल्यावर बोजा उतरवल्याचा कागद आणि जादा किल्ली मागून घ्या. बोजा नोंदीत तसाच राहिला तर गाडी विकताना अडते.