पास न घेता जपान: एका निवृत्त गार्डचा अभिप्राय

तोक्योतल्या पहिल्या सकाळी आम्ही मेइजी देवळाला जायला निघालो होतो. हाराजुकु स्टेशनवर उतरलो, आमची गाडी सुटली, आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डने खिडकीतून मान बाहेर काढून फलाट संपेपर्यंत नजर मागे ठेवली. मी जिन्याच्या तोंडाशी थांबून त्याला बघत राहिलो. 34 वर्षं मी हेच काम केलं. (मी निवृत्त झाल्यावर आमच्याकडे गार्डचं नाव ट्रेन मॅनेजर झालं, पण मी आपला गार्डच.) आमची ही चार पायऱ्या पुढे गेली होती, ती परत आली. "अहो, देऊळ तिकडे आहे."

नोव्हेंबर 2024 मधला हा बारा दिवसांचा प्रवास. मी 66 चा, ही 62 ची. बरोबर टूर कंपनी नाही. निम्मी तिकिटं मुलीने घरूनच काढून दिली, उरलेली आम्ही तिथे मशीनवर काढली. आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, रेल्वे पास घेतला होता का? नव्हता घेतला. त्याचा हिशेब आधी सांगतो, म्हणजे मग मोकळेपणाने बोलता येईल.

सात दिवसांचा जपान रेल पास सप्टेंबर 2023 पर्यंत 29,650 येनना होता, तो एकदम 50,000 झाला. 14 दिवसांचा 80,000. त्यातही नोझोमी ही तोक्यो-ओसाका या तोकाइदो मार्गावरची सर्वांत जलद गाडी धरायची तर वर वेगळे पैसे. आमचा मार्ग असा: तोक्यो ते कानाझावा, कानाझावा ते क्योतो, मधे कोयासानचा डोंगर, मग क्योतोहून परत तोक्यो. लांब पल्ल्याची तिन्ही तिकिटं सुटी काढली तरी माणशी 40,000 च्या आत बसली. कोयासानला नानकाइ या खासगी कंपनीची गाडी जाते, तिथे हा पास चालतच नाही. मी वहीत दोनदा बेरीज केली आणि पासचा नाद सोडला. आठवड्याभरात हिरोशिमा, पुढे क्यूशू अशी धावपळ करणार असाल तर गणित उलटं पडेल. कानाझावावरून ओसाकाला जाऊन तिथूनच विमान धरणाऱ्यांसाठी होकुरिकु आर्च पास म्हणून एक आहे, आम्ही गेलो तेव्हा 30,000 ला होता. तो खरं तर आमच्यासारख्यांना सोयीचा. पण त्यात तोकाइदो शिंकान्सेन, म्हणजे क्योतोवरून तोक्योला येणारी बुलेट ट्रेन, येत नाही, आणि 1964 ची ती लाइन न बघता परत येणं मला जमलं नसतं.

शहरातल्या फिरण्यासाठी विमानतळावर वेलकम सुइका कार्ड घेतलं. 28 दिवस चालतं, अनामत नाही, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडेच भरावेत. लोकल, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे टेकवलं की झालं.

हाराजुकुचं मला फार नवल वाटलं. स्टेशनच्या एका अंगाला मेइजी देवळाची गर्द राई. बघून वाटतं हजार वर्षांची असेल, पण देऊळ 1920 चं आणि झाडं माणसांनी लावलेली, देशभरातून लोकांनी पाठवलेली, लाखाच्या आसपास. दुसऱ्या अंगाला ताकेशिता गल्ली, तिथे गुलाबी केसांच्या पोरी हातभर उंचीचं क्रेप खात उभ्या. मधे फक्त रूळ. ही राईत रमली, मी पुलावर.

पुलावरून मोटरमन बघायला मिळतात ना! पांढरे हातमोजे, समोर खिशातल्या घड्याळासाठी केलेली खाच, आणि प्रत्येक सिग्नलला बोट दाखवून मोठ्याने उच्चार. सिग्नल पुकारायची पद्धत आमच्याकडेही आहे, पण पुकारणारे दोघं असतात, एक सांगतो, दुसरा ऐकतो. इथे केबिनमध्ये एकटा माणूस. ऐकायला कोणी नाही, तरी बोट सिग्नलकडे, बोट घड्याळाकडे, तोंडाने शब्द. पहिल्या दिवशी मला ते थोडं नाटकी वाटलं. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना मीच बोट दाखवायला लागलो.

कानाझावाची गाडी कागायाकी, अडीच तास. सामानाबद्दल एक सूचना: लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर जाणारी बॅग तोकाइदो शिंकान्सेनमध्ये न्यायची तर तशी खास जागा आधी राखून ठेवावी लागते. आम्ही दोन्ही मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरूनच क्योतोच्या हॉटेलला कुरिअरने पाठवल्या आणि पाठीवर एकेक पिशवी घेऊन निघालो. या वयात यापेक्षा शहाणपणाचा खर्च दुसरा नाही.

खाण्याचं मात्र आधीच बघावं लागतं. फलाटावर एकिबेन मिळतात, म्हणजे स्टेशनचे डबे, एकेका गावाचा आपला वेगळा, आणि आतली मांडणी अशी की उघडल्यावर दोन मिनिटं नुसतं बघावं. पण ही कट्टर शाकाहारी, आणि तिथे भाजीच्या पाण्यातसुद्धा माशाचा अर्क, दाशी. एका दुकानात मी डब्यावरचं चित्र बघून "भाजीच आहे" असं छातीठोकपणे सांगितलं आणि गाडी सुटल्यावर खालच्या थरातून इवलासा मासा निघाला. तो डबा मी खाल्ला. पुढचं स्टेशन येईपर्यंत ही माझ्याशी बोलली नाही. परतीच्या वेळी शहाणे झालो. तोक्यो स्टेशनातच, तिकीट फाटकाच्या आत, टीज तानतान नावाचं छोटं रामेन नूडल्सचं दुकान आहे, तिथे सगळंच शाकाहारी. तिळाच्या रश्शातलं रामेन हिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं.

कानाझावाच्या स्टेशनबाहेर डमरूसारख्या वाद्यावरून घडवलेली अवाढव्य लाकडी कमान आहे, त्सुझुमिमोन, आणि तिच्या मागे काचेचा घुमट. तिथून केनरोकुएन बागेत गेलो. 65 च्या वरच्यांना पासपोर्ट दाखवला की प्रवेश फुकट, हिला 320 येन. म्हातारपणाचा असा रोख फायदा क्वचितच मिळतो. आम्ही गेलो तेव्हा युकित्सुरीचं काम चालू होतं. हिवाळ्यात तिथे ओलं, जड बर्फ पडतं, त्याच्या वजनाने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला दोरी बांधतात. 1 नोव्हेंबरपासून हे काम सुरू होतं. शिडीवरचा माळी दोरी ओढायचा, खालचा मान हलवायचा, वरचा गाठ मारायचा. आम्ही तासभर बाकावर बसून हेच पाहिलं. मग दहा मिनिटं चालून 21 व्या शतकाचं कलासंग्रहालय, तिथे पोहण्याच्या तलावाच्या खाली उभं राहून वरच्या लोकांकडे पाण्यातून बघता येतं. (पाणी फक्त वरच्या काचेवर, हातभरसुद्धा खोल नाही.) जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच गावात बनतो, म्हणून आइस्क्रीमवरही वर्खाचं पान लावून देतात. हिचा अभिप्राय: "सोन्याला काही चव नसते."

मार्च 2024 मध्ये शिंकान्सेन कानाझावाच्या पुढे त्सुरुगापर्यंत गेली. त्यामुळे क्योतोला जाताना त्सुरुगाला गाडी बदलायची, वरच्या फलाटावरून खाली, आठ-नऊ मिनिटांत, आणि सगळी गाडीच तुमच्याबरोबर बदलत असते. मला धडकी भरली होती. पण जमिनीवर खुणा, माणसं हात दाखवायला उभी, आणि गर्दी असूनही धक्का कोणाचा नाही. चार मिनिटांत आम्ही थंडरबर्ड या क्योतोच्या गाडीत बसलो. डावीकडची खिडकी मागा, अर्ध्या वाटेपासून बिवा सरोवर साथ देतं.

क्योतोबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे जी गर्दी होती तिच्याबद्दल सगळेच लिहितात. बसमध्ये चढूच नका. नारा लाइनच्या लोकलने दोन स्टेशनं गेलं की इनारी, आणि स्टेशनसमोरच फुशिमी इनारीच्या लाल कमानी. आम्ही सकाळी साडेसहाला पोहोचलो म्हणून तिथे दोन मांजरं, एक धावणारा म्हातारा आणि आम्ही. नऊला परत खाली उतरलो तेव्हा माणसांची नदी उलटी वाहत होती. क्योतोच्याच फाटकावर हिने दोन्ही तिकिटं (एक अंतराचं, एक वेगाचं, दोन्ही एकदम घालायची) आत सरकवली आणि पलीकडून उचलायची विसरली. टोपीवाला कर्मचारी जिन्यापर्यंत धावत आला आणि दोन्ही हातांनी तिकिटं देऊन वर स्वतःच वाकला. ही इतकी ओशाळली की उलट तिनेच त्याला दोनदा नमस्कार केला.

आता कोयासान.

ओसाकाच्या नाम्बाहून नानकाइची गाडी. हाशिमोतोपर्यंत सपाटी, मग डोंगर. 20 ला 1 चा चढ, वळणावळणावर चाकांची कडा रुळाला घासून किंचाळते, बोगद्यातून बाहेर पडलो की खाली दरी. गाडी सायकलच्या वेगाने चाललेली. बारा दिवसांत माझा सगळ्यात आवडता प्रवास हाच, बुलेट ट्रेनपेक्षाही. शेवटच्या स्टेशनचं नाव गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल. तिथून केबल कार पाच मिनिटांत सव्वातीनशे मीटर वर नेते. पुढे बसच, तो रस्ता चालणाऱ्यांना बंद आहे.

वर मठांमध्येच राहायची सोय असते, शुकुबो. आमच्याकडून माणशी 15,000 येन घेतले, संध्याकाळचं आणि सकाळचं जेवण धरून. खोलीत तातामी म्हणजे गवती चटया, गादी जमिनीवर, एक हीटर, आणि बाहेरच्या बोळात अशी थंडी की रात्री बाथरूमला जायचा विचार तीनदा करावा. अंघोळ सार्वजनिक. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी ओसाकाहून दिवसात जाऊन यावं. पण जेवण! साधूंचं शाकाहारी जेवण, शोजिन र्‍योरी, लाखेच्या लाल वाट्यांमध्ये. दाशीसुद्धा समुद्री शेवाळाची. प्रवासात पहिल्यांदाच हिने एकही पदार्थ न विचारता, न हुंगता खाल्ला. तिळाचं टोफू म्हणजे गोमादोफू, खरवसासारखं तोंडात विरघळणारं.

आणि गोमा म्हणजे होमसुद्धा. उच्चार तोच, शब्द वेगळा. सकाळी सहाला भिक्षूने अग्नी पेटवला, समिधा टाकल्या, तेल ओतलं, मंत्र म्हणायला लागला. ही माझ्या कानात म्हणाली, "अहो, हा तर होमच आहे." होमच होता. कुकाई नावाच्या भिक्षूने 816 मध्ये या डोंगरावर शिंगोन पंथाचं ठाणं वसवलं, तो हे सगळं चीनमधून घेऊन आला होता आणि चीनमध्ये ते भारतातून पोहोचलं होतं. नंतर ओकुनोइन या कुकाईच्या समाधीस्थानाच्या वाटेवर, दोन किलोमीटर देवदारासारख्या उंच झाडांच्या सावलीत, दोन लाखांच्या वर समाध्या. पाच थरांच्या दगडी समाध्यांवर अक्षरं कोरलेली, आणि ती अक्षरं मला लागायला लागली. सिद्धम् लिपी, आपल्या नागरीची नात्यातली. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. शेवाळ बाजूला करून मी बोटाने एकेक अक्षर गिरवून बघितलं. जपानात कुठेही पाटी वाचता येत नव्हती, आणि या डोंगरावर बाराशे वर्षांच्या परंपरेतली अक्षरं अडखळत का होईना, वाचता आली. तिथेच वाळवी-नियंत्रण करणाऱ्यांच्या एका संघटनेने, मारलेल्या वाळवीसाठी, उभारलेली समाधीही आहे. आम्ही तिलाही नमस्कार केला.

परतीची नोझोमी. ई क्रमांकाची खिडकी, फुजीच्या बाजूची. फुजी दिसला, पूर्ण, शिन-फुजी स्टेशनच्या आसपास, नदीवरच्या पुलावरून. 285 च्या वेगात स्टेशनची पाटी वाचता येत नाही. पण वेग हा माझा विषय नव्हता. 1 ऑक्टोबर 1964 ला ही लाइन सुरू झाली, आणि टक्कर किंवा गाडी घसरून आजवर एकही प्रवासी दगावला नाही. गाडीच्या शेपटीला बसून 34 वर्षं काढलेल्या माणसाला हा आकडा काय आहे ते कळतं. साध्या डब्यातली चहा-खाण्याची ढकलगाडी मात्र ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस बंद झाली आहे, फलाटावरच घेऊन चढा.

आणखी एक नाद लागला, तो सांगायचा राहिला. बहुतेक स्टेशनांवर रबरी शिक्का ठेवलेला असतो, त्या गावच्या चित्राचा. आपण आपल्या वहीत उमटवून घ्यायचा, पैसे नाहीत. मी माझी जुनी ड्यूटीची वही नेली होती, उरलेल्या पानांवर 23 शिक्के जमले.

शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना एक लोकल सहा मिनिटं उशिरा आली. घोषणेत माफी, गार्डच्या आवाजात माफी, आणि उतरल्यावर फाटकापाशी कर्मचारी छोट्या चिठ्ठ्या वाटत होता. गाडीला उशीर झाल्याचा दाखला, कामावर दाखवायला. मला कुठलं काम? तरी मी रांगेत उभा राहून एक घेतली आणि 23 शिक्क्यांच्या पुढच्या पानावर चिकटवली.

ही बघत होती. म्हणाली, "रात्री दोनदोनला घरी यायचात, तेव्हा अशी एखादी चिठ्ठी मला कधी आणून दिली नाहीत ती."