न मिटणाऱ्या डोळ्यासाठी मॉइश्चर चेंबर: काही महिने वापरल्यावर

माझ्या उजव्या कानात जन्मजात कोलेस्टिॲटोमा निघाला. ही कातडीच्या पेशींची गाठ. कॅन्सर नाही, पण वाढत जाते आणि शेजारचं हाड खाते. चेहऱ्याची नस त्याच हाडातून जाते. पडदा शाबूत होता, कान कधी फुटला नव्हता, म्हणून कानाची शंका कुणालाच आली नाही; चेहरा लुळा पडत चालला तरी ‘बेल्स पाल्सी’च (चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लकवा) सांगितली गेली. बेल्स पाल्सी दोन-तीन दिवसांत पूर्ण जोर धरते. आठवडेच्या आठवडे वाढत जाणारा लकवा असेल तर कानाच्या हाडाचा सीटी स्कॅन आणि डिफ्युजन एमआरआय (अशी गाठ ओळखायला मदत करणारा एमआरआयचा प्रकार) करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. हे मला फार कळकळीने सांगायचंय.

ऑपरेशनमध्ये गाठ काढून नस मोकळी केली. पण बरेच दिवस दबलेली नस लगेच हलायला लागत नाही, आणि तोवर डोळा उघडाच राहतो. कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) कोरडा पडून जखम झाली तर नजरेवर बेततं.

मॉइश्चर चेंबर म्हणजे डोळ्यावर बसवायची मऊ कडांची पारदर्शक वाटी; ती आतला ओलावा टिकवते. आधी मी पापणी मिटून राहावी म्हणून मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावायचे. सकाळी काढताना पापणीचे केस उपटायचे, आणि रात्री पट्टीखाली पापणी उघडली तर पट्टीच बुबुळाला घासायची. वाटीत तो धोका नाही. मात्र इलॅस्टिकचा पट्टा नेमका कानामागच्या टाक्यांवरून जातो. जखम भरेपर्यंत चिकटणारी वाटीच घ्या. सकाळी आतून वाफ धरलेली दिसली की रात्रभर नीट बसली होती असं समजायचं. वाटी कोरडी असेल तर नाकाकडची कड उचललेली असते. उन्हाळ्यात घामाने कडेखाली पुरळ आलं, तेव्हा रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवायला लागले.

ही वाटी औषधाची जागा घेत नाही. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोजचे थेंब (डोळा ओला ठेवणारे), झोपताना मलम, आणि त्यावर वाटी. स्कूटरवर मात्र बंद कडांचा गॉगलच बरा. वाटीतून धूसर दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आता पापणी बरीच मिटते. तरी पंख्याखाली झोपताना मी वाटी लावतेच. गाठ पुन्हा वाढली नाही ना, हे बघायला पुढचा एमआरआय ठरलेला आहे.